दोरीच्या त्या टोकाला

माझ्या नव्या घरात मी पहिल्यांदा एकटी शिरले, तेव्हा जिन्याखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मी छत्री उगारली.

"बाहेर या, नाहीतर…"

"नाहीतर काय, ते आधी सांगा," पायांच्या पलीकडून आवाज आला. "म्हणजे यायचं की नाही ते ठरवतो."

हा वायरवाला. एजंटाने त्याला किल्ली दिली होती आणि मला सांगायचं राहून गेलं होतं. केसांत जळमटं, हातात विजेरी, आणि हसू असं की रागवायचीही पंचाईत. मी तरी रागावले. ते मला चांगलं जमतं.

घराच्या भिंती दगडी आणि हातभर जाड. वायफाय एका खोलीतून दुसरीत जाईना. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना मी ऑनलाइन शिकवते. मध्येच आवाज तुटला की पोराला वाटतं, आपणच अडखळलो. म्हणून खोलीखोलीत केबल हवी होती.

पण माझी खरी धास्ती वेगळीच होती – दादा. माझा थोरला भाऊ. एकट्या बहिणीने घर घ्यावं हे त्याच्या गळी उतरतच नव्हतं. "एकदा जरी घाबरून फोन केलास," त्याने बजावलं होतं, "तर सामानासकट उचलून आणीन. मग घराचं नाव काढायचं नाही." दादाकडे परत जायचं म्हणजे वहिनीच्या शिलाई मशीनमागची ती खाट, आणि 'हिचं पुढे काय करायचं' ही चर्चा जन्मभर भिंतीआडून ऐकायची. तेव्हा काहीही होवो, घाबरायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

"नशीब काढलंत," वायरवाला म्हणाला. "भिंतींत आधीपासून नळ्या आहेत, आत दोरीसुद्धा आहे. मी वरून केबल बांधतो, तुम्ही खालून ओढा. दोन हिसके दिले की ओढायचं."

"आणि नाही ओढलं तर?"

"तर मी वरच राहीन. मला काय, वारा छान आहे."

वारा कुठला… वरच्या खोलीत भर दुपारीही अंगावर काटा येईल असा गारवा असायचा. आणि औषधाचा वास, कुणीतरी आत्ताच बाटलीला झाकण लावल्यासारखा. मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यानेही नाही.

काम सुरू झालं. तो वर, मी खाली, मध्ये भिंत. दोन हिसके आले की मी ओढायची. पण मधूनच, काही काम नसताना, दोरी तळहातात हळूच एकदा हलायची… बाही धरून कुणी हलकेच ओढावी तशी. पहिल्यांदा मी चिडले. "कामाकडे लक्ष द्या," असं भिंतीला सुनावलंसुद्धा. मग चिडणं कमी झालं. मग तर मी वाट बघायला लागले. चहा घेऊन वर गेले की तो माझ्याकडे बघायचा, लगेच पक्कड शोधायला लागायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे. मी काय ते समजले.

एका दुपारी दोन हिसके आले. मी ओढलं. केबल सरसर खाली आली.

"आली हो," मी वर तोंड करून ओरडले.

"काय आली?" तो समोरच्या दारातून आत येत म्हणाला. हातात खोका होता. "मी गाडीतून सामान आणायला गेलो होतो."

मी केबलचं टोक पुढे केलं. त्याने ते नीट निरखलं आणि खोका खाली ठेवला.

"मी अजून केबल बांधलीच नव्हती," तो म्हणाला. "आणि मी गाठ मारत नाही, चिकटपट्टी गुंडाळतो. ही गाठ माझी नाही."

दोरीची गाठ बारीक, घट्ट आणि सुरेख होती. सवयीच्या हाताने मारलेली.

"मग… ते मधले हिसके?" मी विचारलं. "एकेक, हळूच?"

"मी फक्त दोनच देतो. कामाचे." तो म्हणाला. "एकेक तर खालून यायचे. तुम्ही द्यायचात ना?"

"मी एकही दिला नाही."

इतके दिवस मी लाजत होते ते कुणाला, हा विचार येऊन मला आधी घाम फुटला आणि मग, देवाशपथ, हसू आलं.

"आवडायचे का हो तुम्हाला?" मी विचारलं.

"दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे इतके दिवस लावत नाही मी," तो म्हणाला. कान लालभडक.

शेजारच्या काकूंना मी सहज म्हणून विचारलं. आधी इथे एक म्हातारं जोडपं राहायचं. आजोबा वर अंथरुणाला खिळलेले, आजी खाली कामात. हाक ऐकू जाईना म्हणून त्यांनी भिंतीतून दोरी नेली होती. "वरून हिसका आला की ही खालून द्यायची," काकू म्हणाल्या. "'आहेस ना?' 'आहे.' बस, एवढंच. आता दोघंही नाहीत."

रविवारी शेवटची केबल राहिली होती, आणि नेमका दादा हजर. त्याने खिडक्या हलवून पाहिल्या, नळ सोडून पाहिले.

"घाबरलीस-बिबरलीस नाहीस ना?"

"छे."

"आण ती दोरी इकडे. तुझ्याने ओढवणार आहे का?" त्याने दोरी हातात घेतली. थोड्या वेळाने कपाळाला आठी. "तुझा तो वायरवाला वरून उगीच हिसके देतोय. चावट दिसतो."

"दादा," मी म्हणाले, "तो इथे आहे."

वायरवाला स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभा होता. दादाच्या हातातून दोरी सुटली आणि खाली लोंबत राहिली. मग एकदा, अगदी हळू, आपोआप वर ओढली गेली.

दादाचा चेहरा पांढराफटक. "बॅग भर," तो कसाबसा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

मी जागची हलले नाही.

"मी घाबरते, दादा. पहिल्या दिवसापासून घाबरते. पण आता एकटी घाबरत नाही. मी येणार नाही."

दादाने वायरवाल्याकडे मोर्चा वळवला. "आणि तुम्हाला हो? भीती वाटत नाही?"

"वाटते ना. इथून घरी गेलो की जास्त वाटते. ही इथे एकटी असते म्हणून." 'ही' म्हणून गेला आणि त्याने जीभ चावली.

दादा खोक्यावर बसला. मी पाणी दिलं, त्याने एका घोटात संपवलं.

"घरी जाऊन तुझ्या वहिनीला काय सांगू मी?"

"सांग, घर चांगलं आहे," मी म्हणाले. आता माघार नव्हती. "आणि… माणूसही मिळाला आहे."

दादाने आधी घाबरत घाबरत जिन्याकडे वर पाहिलं, मग वायरवाल्याकडे.

"यातला कुठला?"

"खालचा," मी म्हणाले, आणि वायरवाल्याचा हात धरला.