तुम्ही सर कशावरून?

शनिवारी शाळा लवकर सुटते. साडेअकराची घंटा झाली की पाच मिनिटांत सगळी इमारत रिकामी होते, नळाखाली कुणीतरी विसरलेली बाटली तेवढी उरते. कॉम्प्युटर लॅबचे सर मात्र त्या शनिवारी मागे थांबले. काम काही मोठं नव्हतं. वर्ष संपत आलं होतं, शाळा सोडून गेलेल्या मुलांची खाती नेटवर्कवरून काढून टाकायची होती. एकवीस नावं झाली. बाविसाव्या नावापाशी हात अडला. खरं म्हणजे तो महिनाभर तिथेच अडत होता.

या सरांना पोरं कुलूपसर म्हणायची. तोंडावर नाही, पण सरांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. नववी-दहावीला नेटवर्किंग आणि सायबर सुरक्षा शिकवायचे, आणि शिकवायचे म्हणजे काय, अक्षरशः डोकं खायचे. पासवर्ड म्हणजे घराचं कुलूप. किल्ली कुणाला द्यायची नाही. मैत्रिणीला नाही, आईला नाही, मला तर मुळीच नाही. पोरं जांभया देत "हो सर" म्हणायची आणि पासवर्ड म्हणून स्वतःचाच वाढदिवस ठेवायची.

एकदा सरांनी फिरकी घेतली. मुलांनीच एका जुन्या मशीनवर चॅटचा प्रोग्रॅम बसवला होता, फक्त लॅबपुरता. बाहेरच्या जगाशी त्याची वायरसुद्धा जोडलेली नव्हती. सरांनी त्यावर मुख्याध्यापकांच्या नावानं खातं उघडलं आणि हुकूम सोडला, सर्वांनी आपापले पासवर्ड ताबडतोब कळवावेत. सव्वीस मुलांनी दोन मिनिटांत कळवले. एका शहाण्यानं तर वर "उशीर झाला, माफ करा" असंही लिहिलं. सत्ताविसावीनं उलट विचारलं, "तुम्ही मुख्याध्यापक कशावरून?"

ती शंका. म्हणजे वर्गानं ठेवलेलं नाव. दर तासाला हिचा हात वर आणि "सर, एक शंका." बाकीची पोरं कपाळावर हात मारून घ्यायची. सर वरवर वैतागायचे, पण तिच्यावर त्यांचा जीव होता. पंचवीस वर्षं शिकवून एखादीच अशी भेटते, जिला आपण बोललेलं खरंच पोचतं. चौदा नंबरच्या मशीनवर बसायची. वायरीची टोकं अशी बसवायची की सर ती दुसऱ्या वर्गांना दाखवायला न्यायचे.

तिला जाऊन त्या दिवशी त्रेचाळीस दिवस झाले होते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. पंधरा वर्षांची पोर, दुपारी लॅबच्या जिन्यात कोसळली आणि रात्री गेली.

बाराच्या सुमाराला दारावर टकटक झाली. तिची आई. वॉर्डात नर्स होती, रात्रपाळी उरकून तशीच आलेली. अंगाला हॉस्पिटलच्या औषधाचा वास, हातात रुमालात गुंडाळलेला फोन. पोरीचा फोन.

"सर, आज शेवटचं बघाल का?"

सरांनी खुर्ची पुढे केली. काय बघणार? दुकानदार, कंपनीवाले, सगळे एकच सांगून मोकळे झाले होते. फोन उघडायचा तर आतलं सगळं पुसावं लागेल. चार शब्दांचा लांबलचक पासवर्ड होता, आणि तसा ठेवायला शिकवलं होतं कुणी? याच गृहस्थांनी.

"ताई, तो कुणालाच उघडता येणार नाही."

"मला फक्त तिचा आवाज हवाय हो," ती म्हणाली. "गाणी म्हणून ठेवायची त्यात. आणि... त्या दिवसाचं काही असेल. तिनं मला फोन का नाही केला, एवढं तरी कळेल. रोज चार्ज करून ठेवते. सकाळी मी झोपलेली होते, मला न उठवताच गेली. एरवी मी शंभर लोकांच्या कपाळाला हात लावते, सर. त्या दिवशी तिच्या लावला असता तर?"

पोर गेली त्या रात्री हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये हिनंच विचारलं होतं, "काही म्हणाली का हो ती? डोकं दुखतंय वगैरे?" आणि सर म्हणाले होते, "नाही ताई. हसतखेळत होती." चार शब्द. पण एकदा बोललेलं खोटं नंतर दर भेटीत बोलावं लागतं. त्रेचाळीस दिवस या माणसाला अन्न गोड लागलं नव्हतं.

पंखा बंद होता. पडदे ओढलेले, त्यामुळे दुपार असूनही खोलीत करडा उजेड. तापलेल्या धुळीचा आणि प्लास्टिकचा तो लॅबचा नेहमीचा वास. सरांच्या मशीनचा बारीक घुं घुं आवाज तेवढा चालू होता, बाकी सगळी मशीन बंद.

कोपऱ्यातली चॅटची खिडकी आपोआप पुढे आली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सर, एक शंका."

वर नाव तिचंच होतं.

सरांना आधी संताप आला. कुठल्या तरी कार्ट्यानं तिचं खातं फोडलं असणार, मेलेल्या मुलीची थट्टा करतोय. ते ताडकन उठले. दार उघडून पाहिलं, जिना रिकामा होता. बाकांखाली वाकून पाहिलं, कुणी नव्हतं. मग यादी उघडून पाहिलं, हे कुठल्या जागेवरून आलं? चौदा नंबर.

चौदा नंबरचं मशीन पंधरा दिवसांपूर्वीच दुरुस्तीला गेलं होतं. टेबल रिकामं. त्यावर नुसती निळी वायर पडलेली, टोक उघडं, कशालाच न जोडलेलं. भिंतीवरच्या पेटीत जिथे सगळ्या वायरी येऊन मिळतात, तिथे चौदा नंबरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. वायरीच्या पलीकडे कुणी असेल तरच तो लागतो.

सरांनी ती वायर उपटायला हात घातला.

"नको," मागून आई म्हणाली. तिनं पडद्यावरचं वाचलं होतं. "राहू द्या."

"ताई, हे... हे कुणीतरी..."

"कुणी का असेना. तिला विचारा."

तिचा आवाज इतका शांत होता की सर मुकाट्यानं येऊन बसले. त्यांनी लिहिलं, "बाळ, तुझी आई आली आहे. तिला तुझ्या फोनचा पासवर्ड हवा आहे."

बराच वेळ काही नाही. मग एकेक अक्षर उमटत गेलं.

"तुम्ही सर कशावरून?"

आईच्या तोंडून हुंदका फुटला, आणि त्यातच ती हसलीही. "तीच आहे हो," ती कुजबुजली. "माझीच आहे."

सरांनी लिहिलं, "मुख्याध्यापकांच्या नावानं पासवर्ड मागितले होते, तो मी."

"ते सगळ्या वर्गाला माहीत आहे."

"तुझ्या हातच्या वायरी मी घरी नेऊन ठेवल्या आहेत."

"तुम्ही ते शिपाईकाकांना सांगितलंत. मी ऐकलं."

सरांनी कपाळ पुसलं. पुढे काय येणार याचा अंदाज त्यांना आला होता. वायरीला घातलेला हात मागे घेतला याचा त्यांना आता पश्चात्ताप होत होता.

"फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे ते सांगा," पडद्यावर आलं. "त्या दिवशी तुमच्या टेबलापाशी येऊन मी काय मागितलं?"

आईनं मान वळवून सरांकडे पाहिलं. "कुठल्या दिवशी?"

मशीनचं बटण हाताच्या अंतरावर होतं. दाबलं की पडदा काळा. ताई, बिघाड झाला, म्हणायचं. तिनं विश्वास ठेवला असता, ती त्यांच्यावर आजवर विश्वासच ठेवत आली होती. फोन बंद तो बंदच राहिला असता, आणि ही बाई उरलेला जन्म स्वतःलाच विचारत बसली असती, मी कपाळाला हात का नाही लावला. सरांचं बोट बटणावर गेलंसुद्धा. तिथे ते किती वेळ होतं कुणास ठाऊक.

मग त्यांनी ते काढून घेतलं.

"तिनं फोन मागितला होता," सर म्हणाले. आधी तोंडानं, मग लिहून. "डोकं फार दुखतंय म्हणाली. आईला फोन करू द्या, घरी जाते, म्हणाली. लॅबमध्ये फोन डब्यात ठेवायचे, हा माझा नियम. दुसऱ्या दिवशी शाळांची नेटवर्किंगची स्पर्धा होती. मी म्हटलं, अर्धा तास थांब, एवढं पूर्ण कर, मग जा. ती 'बरं सर' म्हणून जागेवर जाऊन बसली."

आई हलली नाही. बोलली तेव्हा वॉर्डातल्यासारखी बोलली. "उलटी झाली होती?"

"हो. बेसिनपाशी."

"मान दुखते म्हणाली?"

"...म्हणाली."

"उजेड सहन होत नव्हता?"

"पडदे ओढू का, विचारलं तिनं. मी ओढले."

आईनं त्या ओढलेल्या पडद्यांकडे पाहिलं. "मी जागी होते, सर," ती हळूच म्हणाली. "बारा वाजताच उठून बसले होते. फोन माझ्या उशाशीच होता."

सरांना रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस, टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. तिनं त्यांना गप्प केलं नाही, की हातही लावला नाही.

"बरोबर," पडद्यावर आलं. आणि त्याखाली चार शब्द.

सरांनी ते वाचले नाहीत. इतक्या वर्षांची सवय, दुसऱ्याचा पासवर्ड दिसला की मान वळायचीच. ते भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. मागे आईची नखं फोनच्या काचेवर वाजत होती. मग एक बारीक किणकिण झाली, आणि फोन उघडला.

"आवाजाची जागा कुठली?" तिनं विचारलं.

सरांनी दाखवली. गाणी होती, पाठांतर होतं, मैत्रिणीची नक्कल होती. पण त्या सगळ्यांच्या वर एक लांब यादी होती. बेचाळीस नोंदी. रोज एक, प्रत्येकीची लांबी पाच-सहा सेकंद, प्रत्येकीची वेळ बारा वाजून दहा मिनिटं. पहिलीची तारीख सरांनी दोनदा वाचली. पोर गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"हा फोन माझ्या कपाटात होता," आई म्हणाली. "कुलपात."

"ताई, नका लावू."

तिनं लावली. आधी नुसती खरखर, मग श्वास, मग अगदी हळू, पांघरुणात तोंड खुपसून बोलावं तसा पोरीचा आवाज.

"आई, सरांनी सांगितलं का गं?"

आईनं दुसरी लावली. तेच. तिसरी, दहावी, तिसावी. तेच शब्द, तीच चाल, फक्त दर वेळी आवाज जरा जास्त दमलेला. कालच्या नोंदीत तो जेमतेम ऐकू येत होता. आजची नोंद यादीत नव्हती.

दोघं बघत असतानाच फोनच्या पडद्यावर लाल ठिपका लागला. कुणी काही दाबलं नव्हतं. सेकंद मोजायला सुरुवात झाली.

आईनं फोन ओठांजवळ नेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता. "सांगितलं, बाळा. आत्ता सांगितलं त्यांनी. सगळं."

ठिपका विझला. त्रेचाळिसावी नोंद यादीत आली. तिनं ती लावली. तिच्या स्वतःच्या बोलण्याचा मागमूसही त्यात नव्हता. खरखर होती, श्वास होता, आणि पोरीचा आवाज, या वेळी स्वच्छ, अगदी कानापाशी.

"मग तू त्यांना काय म्हणालीस, आई?"

लाल ठिपका पुन्हा लागला.

सरांनी मान वर केली. आई त्यांच्याकडेच पाहत होती. तिचे ओठ एकदा हलले, मग मिटले. फोन दोघांच्या मधे टेबलावर पडला होता आणि त्यावरचे आकडे पुढे सरकत होते. पाच सेकंद झाले, सहा झाले, मिनिट उलटलं, दुसरं उलटलं. ठिपका विझेना, आणि ती काही बोलेना.