धरेल शे

नासीर त्या दिवशी धुळ्याला गेला होता तो फक्त मागच्या काचेचं रबर आणायला. काम एवढंच. सकाळच्या एसटीनं गेला, दुपारच्यानं परत यायचं.

तुम्ही पोरांनी नासीरला पाहिलेलं नाही, म्हणून आधी तो कोण ते सांगतो. पाचोऱ्याला भडगाव रोडवर माझी चहाची टपरी होती आणि रस्त्याच्या पलीकडं त्याचं शेड. डेंटिंगचं काम. ठोकलेल्या, चेपलेल्या गाडीचा पत्रा सरळ करायचा. तीस वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. तो खोटं बोलणारा माणूस नाही. आणि मीही यात माझ्या पदरचं काही घालत नाही.

तर भंगारवाल्यानं रबर दिलं आणि विचारलं, "गाडी कुठली?"

"जुनी फियाट. जळालेली."

"टप बदलला असशील."

"नाही. आहे तोच सरळ करतोय."

भंगारवाला हसला. म्हणाला, "नासीरभाई, जळालेल्या पत्र्याचं पाणी उतरलेलं असतं. मेलेल्या माणसाला उठबशा काढायला लावतो का तू? माझ्याकडं एक टप पडलाय. घेऊन जा."

नासीर म्हणाला, "शब्द दिलाय."

आणि रबर खांद्यावर टाकून निघाला.

शब्द दिला होता मयुरीला. प्रेमराजभाऊंची ती एकुलती एक मुलगी. ही फियाट तिच्या आजोबांच्या वेळची. चुडामण नावाचा ड्रायव्हर ती चालवायचा. त्यानंच मयुरीला बालवाडीपासून कॉलेजपर्यंत नेलं-आणलं. पोळ्याला तो तिला गाडीच्या टपावर बसवायचा आणि खाली उभं राहून बैल दाखवायचा. पुढं पारोळ्याच्या एका लग्नाला गाडी गेली. चुडामण रात्री मागच्या सीटवर निजला होता. आग कशानं लागली ते कुणालाच कळलं नाही. दारं उघडली नाहीत. माणूस गेला, आणि गाडीचा सांगाडा चार वर्षं प्रेमराजभाऊंच्या गोडाऊनमागं पडून राहिला.

मयुरीचं दोंडाईच्याला जमलं, तेव्हा तिनं बापाला सांगितलं, "सासरी जाईन तर त्या गाडीत." आणि नासीरला सांगितलं, "चाचा, इंजिन बदला, सीटा बदला, दारं बदला. टप मात्र तोच ठेवा."

नासीर हो म्हणून बसला.

ज्योत्स्ना, तू विचारतेस टपाचं एवढं काय. सांगतो. पत्रा सरळ करायला दोन माणसं लागतात. एक गाडीच्या आत बसतो. तो लोखंडी ठोकळा आतून पत्र्याला लावून धरतो. दुसरा बाहेरून हातोडी मारतो. आत ठोकळा असला की आवाज येतो टक. नसला की येतो ढब. डेंटर डोळे मिटून सांगेल की आत माणूस आहे का नाही.

आणि त्यांचे दोन शब्द असतात. बाहेरचा म्हणतो, धर. आतला धरतो. काम झालं की बाहेरचा म्हणतो, सोड. तोवर आतल्यानं हात काढायचा नाही. मधेच काढला तर पत्रा फाटतो. धर म्हणणाऱ्यानंच सोड म्हणायचं, असा त्यांचा रिवाज. चुडामण फियाट घेऊन शेडवर यायचा तेव्हा दुसऱ्या कुणाला आत बसू द्यायचा नाही. स्वतः ठोकळा धरायचा. नासीरनं धर म्हटलं की आतून म्हणायचा, "धरेल शे, भो." धरलंय म्हणून. मी टपरीवरून ऐकायचो ते.

बाकी गाडी दिवाळीपर्यंत उभी राहिली. टप काही राहीना. अकरा दिवस नासीर त्याच्याशी झगडत होता. इकडं दाबला की तिकडं फुगायचा. तिकडचा बसवला की मधे खड्डा. संध्याकाळी सरळ करून जायचा, आणि सकाळी येऊन हात फिरवला की पुन्हा तेच. मी चहा घेऊन जायचो, तर तो चहा तसाच थंड व्हायचा. कधी न चिडणारा माणूस, हातोडी फेकायला लागला. एकदा मला म्हणाला, "कौतिकभाऊ, तीस वर्षांत पत्र्यानं माझं ऐकलं नाही असं झालं नाही. हा मला ओळखतच नाही."

त्या बुधवारी तो धुळ्याहून आला तो भंगारवाल्याचं बोलणं डोक्यात घेऊनच. त्याचा मेव्हणा रमीज आत बसून ठोकळा धरायचा. संध्याकाळी सातला त्याचाही धीर सुटला.

"जीजाजी, हा टप नाही, पापड आहे."

"धर तू."

"किती धरू? खांदा गेला माझा. कापा आणि दुसरा लावा. पोरीला कोण सांगणार आहे?"

"मी सांगितल्याशिवाय राहीन का?"

"मग सांगत बसा." रमीजनं ठोकळा सीटवर ठेवला, हात पुसले आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

नऊ वाजता त्याच्या बायकोचा, मुमताजभाभीचा फोन. माझ्यासमोर आला. "तिसऱ्यांदा भाजी गरम करणार नाही. त्या गाडीशीच निकाह लावा आता." नासीर हसला नाही. फोन खिशात टाकला आणि परत शेडमध्ये गेला. गुरुवारी सकाळी सातला पेंटर येणार होता. शुक्रवारी लग्न.

तारीख मला पाठ आहे. नोव्हेंबरची एकोणतीस. कार्तिकी पुनव होऊन दोन दिवस झालेले. रविवारी अवकाळी पडून गेला होता, म्हणून थंडी ओली होती. मी टपरीच्या बाकावर घोंगडी घेऊन पडलो. पलीकडून आवाज यायचा... ढब. ढब. एकट्याचं काम. आत कोणी नाही.

आता पुढचं नासीरनं मला सांगितलेलं.

पावणेबारा झाले होते. त्यानं एक हात आत घालून ठोकळा धरून पाहिला आणि दुसऱ्या हातानं बाहेरून मारायला गेला. हात पुरेना. ठोकळा परत सीटवर टाकला. स्टुलावर चढला. अंगात राग. डोळ्यात झोप. आणि तीस वर्षांची सवय.

तो म्हणाला, "धर."

आणि मारलं.

टक.

त्यानं पुन्हा मारलं. टक. पत्रा बसला. जसा बसायला पाहिजे तसा.

पोरांनो, मी त्याला विचारलं होतं, घाबरला नाहीस? तो म्हणाला, "खरं सांगू? आधी मी खूश झालो. अकरा दिवसांनी पत्रा ऐकत होता. दुसरं काही सुचलंच नाही." तो म्हणाला, पुढं. आतला ठोकळा पुढं सरकला. तो म्हणाला, डावीकडं. डावीकडं गेला. अर्धा तास. हातोडी जाईल तिथं ठोकळा आधीच हजर. रमीजला कधी जमलं नाही असं.

मग त्यानं हातोडी ठेवली. डोळे मिटले. तळवा फिरवला या टोकापासून त्या टोकापर्यंत. ताटात पाणी ठेवावं तसा टप.

आणि मग त्याला आठवलं. रमीज सातलाच गेला.

हात टपावर तसाच.

खालून पत्रा गरम लागत होता.

तो म्हणाला, "रमीज?"

...

"आत कोण आहे?"

...

दिवा चालू होता. काच समोर होती. खाली वाकलं की दिसलं असतं. तो वाकला नाही.

मग आतून. हळू. दमलेल्या माणसासारखं.

"धरेल शे, भो..."

मला जाग आली ती स्टूल पडल्याच्या आवाजानं. नासीर रस्ता ओलांडून आला. पायात चप्पल नव्हती. माझ्या घोंगडीत शिरला आणि माझा हात धरून बसला. पहाटे फजरची अजान झाली तेव्हा त्यानं हे सगळं माझ्या कानात सांगितलं.

उजाडल्यावर दोघं गेलो. दारं बंद. आत कोणी नाही. ठोकळा सीटवर, गार. टप सपाट. मी हात लावला नाही. लांबूनच पाहिलं.

मी विचारलं, "नासीर, तू सोड म्हणालास का?"

त्याचा चेहरा उतरला.

"पळालो मी," म्हणाला.

"मग म्हण आता."

"म्हटलं आणि टप पुन्हा खचला तर? सातला पेंटर येतोय, कौतिकभाऊ. उद्या लग्न आहे."

"आणि नाही म्हटलं तर तो माणूस..."

"मला माहितेय." असा तुटून पडला तो माझ्यावर. पहिल्यांदा आणि शेवटचं. "तिचं लग्न होऊ दे. मग लगेच म्हणतो."

पेंटर आला. मोतिया रंग चढला. शुक्रवारी प्रेमराजभाऊंच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला. मयुरी शालूत, हळदीच्या हातांनी तिनं टपावरून हात फिरवला. रडत होती, हसत होती. आत बसली. काच खाली करून म्हणाली, "चाचा, अगदी तसाच केलात."

मी नासीरच्या शेजारी उभा होतो. त्याचा एक हात टपावर होता. ओठ हलले. मी पाहिलं. आता म्हणणार. पण पत्र्याखाली पोरीचं डोकं. शेजारी जावई. मागं सगळं गाव.

त्यानं तोंड मिटलं.

गाडी दोंडाईच्याला गेली. तो शब्द काही गेला नाही.

पुढं नासीरनं हातोडी उचलली की त्याला ते आठवायचं. दोन वेळा दोंडाईच्याला निघाला आणि दोन्ही वेळा स्टँडवरून परत आला. म्हणायचा, "काय तोंडानं सांगू? किती दिवस झाले त्याला धरून." जानेवारीत मयुरीचाच फोन आला. "चाचा, रंगात काही दोष आहे का? थंडीनं सकाळी सगळ्या गाडीवर दव असतं. टपावर एके ठिकाणी नसतं."

या वेळी मी त्याच्याबरोबर गेलो. मुक्काम केला. पहाटे त्यांच्या अंगणात गेलो. गाडी दवानं पांढरी झालेली. बॉनेट पांढरं, काचा पांढऱ्या. टपावर मधोमध कोरडी जागा. तळहाताएवढी. पाच बोटं मोजता येत होती. आतून टेकवलेला हात असावा तशी.

मी हात ठेवला. कोमट.

नासीर काचेशी वाकला. या वेळी वाकला तो. आत नवी सीट, नवं अस्तर. कोणी नाही. त्यानं तोंड अगदी जवळ नेलं आणि म्हणाला, "चुडामणभाऊ, सोड. झालं काम. माझी चूक झाली. सोड."

आम्ही थांबलो.

टप खचला नाही. ढब झालं नाही. काहीच झालं नाही.

"ऐकलं असेल," मी म्हणालो.

"असेल," नासीर म्हणाला.

मयुरीनं आग्रह केला म्हणून आणखी एक रात्र राहिलो. नासीरला चांगली झोप लागली त्या रात्री. घोरत होता. मी पहाटे एकटाच उठून अंगणात गेलो. पुन्हा दव. पुन्हा सगळी गाडी पांढरी.

काल, सोड म्हणायच्या आधी, एका हाताची जागा कोरडी होती.

आज दोन हातांची होती.