निळ्या दिव्यांचे स्पीकर

"वाक, योगेश! डोकं खाली!"

"वाकलोय की! अजून किती वाकू? जमिनीत शिरू?"

सातपूरच्या एका गॅरेजमागच्या आवारात, जुन्या टायरांच्या ढिगाआड हर्षाली आणि तिचा आतेभाऊ योगेश दबा धरून बसले होते. मे महिन्याची टळटळीत दुपार. रखवालदार भिमाजी तोंडावर टॉवेल टाकून खाटेवर घोरत होता. पलीकडे भिंतीलगत ती पांढरी गाडी उभी होती. बॉनेट चेपलेलं, पुढची काच तडकलेली.

याच गाडीच्या मागच्या सीटवर हर्षालीचा मित्र आयुष बसला होता.

तीन आठवड्यांपूर्वी त्र्यंबक रस्त्यावर ही गाडी उभ्या टेम्पोवर आदळली होती. आयुषने बेल्ट लावला होता. पण बेल्ट गुंडाळला जातो ती चकतीच आतून उखडून आली आणि तो पुढे फेकला गेला. मांडीचं हाड मोडलं. गाडी त्याच्या मामाची, रविराजची. तिची मागची दोन्ही पॅनलं कापून त्यांत स्पीकर बसवले होते हर्षालीच्या पप्पांनी, नवनाथने. "त्यानेच बेल्टचा बोल्ट सैल ठेवला!" असं रविराजमामाने सांगितलं आणि साऱ्या कॉलनीने ते खरं मानलं.

वाईट हे, की पप्पांनीही मानलं. त्या दिवसापासून त्यांच्या गाड्यांच्या स्पीकरच्या दुकानाचं शटर बंद होतं. पप्पा घरात भिंतीकडे बघत बसायचे. "कापताना माझाच हात लागला असेल गं हर्षू," ते म्हणायचे. "रोज आठवून बघतो. आठवतच नाही." हर्षाली आयुषला भेटायला हॉस्पिटलात गेली, तेव्हा त्याच्या आईने, प्रतिभाकाकूंनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

आणि काल योगेशने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मार्च महिन्यातली कुणाच्या तरी लग्नाची वरात, त्यात हीच गाडी. मागच्या स्पीकरभोवती निळे दिवे गरगर फिरत होते!

"पप्पांनी दिवे बसवलेच नव्हते!" हर्षाली ओरडली होती. दिवाळीच्या सुट्टीत पप्पांना स्क्रू देत तीच तर शेजारी बसली होती. साधे, काळ्या जाळीचे स्पीकर होते ते.

"घोरतोय अजून. चल!" योगेश कुजबुजला.

दोघं गाडीत शिरले. आत वाळलेल्या रक्ताचा डाग होता. हर्षालीने दप्तरातून पुठ्ठ्याचा गोल साचा काढला. पप्पांनी याच साच्यावरून भोक आखलं होतं. तिने तो पॅनलवर धरला. भोक साच्यापेक्षा चार बोटं मोठं होतं, कडा वेड्यावाकड्या.

"हे पप्पांचं काम नाही. ते कडा घासून गुळगुळीत करतात."

योगेशने उचकटलेल्या पॅनलच्या फटीतून टॉर्च मारला. "ताई, हे बघ!"

आत भल्यामोठ्या स्पीकरचं चुंबक ठाण मांडून बसलं होतं. त्याला जागा व्हावी म्हणून कुणीतरी बेल्टची चकती काढून बाजूला सरकवली होती आणि पत्र्याच्या दोन बारक्या स्क्रूंवर अडकवली होती. ते दोन्ही उपटून आले होते. मूळचा अंगठ्याएवढा बोल्ट खाली नुसताच पडला होता.

"एवढ्याशा स्क्रूंवर आयुषचा जीव?" हर्षाली पुटपुटली. तिने भराभर फोटो काढले.

"कोन हाय रं तिकडं?" भिमाजीची हाक आली.

दोघं कुंपणाकडे पळत सुटले!

घरी पप्पांनी फोटो पाहिले. मग म्हणाले, "रविराज म्हणेल, हेही नवनाथनेच केलं. मी काय पुरावा दाखवू?"

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला हर्षाली आणि योगेश आयुषच्या घरासमोर थांबले. प्रतिभाकाकू या वेळी हॉस्पिटलातून डबा न्यायला येत. त्या आत शिरताच ही दोघंही मागोमाग गेली. त्यांच्याकडेच राहणारा रविराजमामा टीव्ही बघत होता.

"तू कशाला आलीस?" काकू कडाडल्या.

"मामांकडे काम आहे," हर्षाली घाईने म्हणाली. "मामा, पप्पांनी बसवलेल्या स्पीकरची जोडी कंपनी बदलून देतेय. नवी, एकदम फुकट! आजचा शेवटचा दिवस आहे."

"फुकट?" मामा उठलाच. "थांब, कपाटावर खोक्यात आहेत." त्याने खोकं आणून टेबलावर ठेवलंसुद्धा!

हर्षालीने स्पीकर उलटा केला. मागे पांढऱ्या रंगाने पप्पांच्या अक्षरात गाडीचा नंबर आणि तारीख होती.

"पप्पांचे स्पीकर घरात आहेत, मामा. मग गाडीत कुणाचे आहेत?"

मामाने खोकं झटकन मागे ओढलं. काकूंनी डबा खाली ठेवला. हर्षालीने मोबाइलवरचे फोटो त्यांच्यापुढे धरले.

"रवी," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांग."

"वरातीसाठी मोठे हवे होते, ताई... दिव्यांचे. दुसऱ्या दुकानवाल्याने तासाभरात बसवून दिले. बेल्टचं मला खरंच माहीत नव्हतं!"

"पण नवनाथभाऊंचं नाव घेताना हे माहीत होतं ना, की पॅनल पुन्हा उघडलंय?"

मामाने होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी काकू त्याला घेऊन नवनाथच्या दारात आल्या. मामाने शेजारपाजाऱ्यांसमोर सगळं कबूल केलं. "भाऊ, मी तुम्हाला नको नको ते बोलले," काकू म्हणाल्या. "या पोरांनी खरं शोधलं. मोठ्यांपैकी एकालाही गाडी उघडून बघायचं सुचलं नाही!"

पप्पा हसले नाहीत. चेहरा ओंजळीत लपवून ते सगळ्यांसमोर रडले. मग हर्षालीला जवळ घेऊन म्हणाले, "मला माझ्या हातांचा भरवसा राहिला नव्हता. तुला होता."

योगेश नाक पुसत त्यांना म्हणाला, "मलाही होता हं, मामा!"

दुसऱ्या दिवशी दोघं हॉस्पिटलात गेले. आयुषचा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि तो फार वाळला होता.

"डॉक्टर म्हणाले, वर्षभर पळायचं नाही," तो छताकडे बघत म्हणाला. "नंतरही कदाचित लंगडेन."

खरं शोधलं होतं, तरी त्याचा पाय काही बरा झाला नव्हता. हर्षालीने त्याचा हात घट्ट धरला.

काकूंनी कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या ओढून पलंगाशी आणल्या.

"बसा रे," त्या म्हणाल्या. "रोज येत जा."