बरणीतली रिकामी गाठ

"चोरी झालीय," बॅटरीवाला दारातूनच म्हणाला. मग चपला काढायच्या राहिल्या हे लक्षात येऊन तो पुन्हा उंबऱ्याबाहेर गेला.

काकांनी लगेच खणातून पेन काढलं. टायपिंगच्या क्लासात जन्म घालवलेला माणूस. कुणी काही सांगायला लागलं की त्यांची बोटं शिवशिवतात. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. वजनमापं खात्यात त्यांनी उभी नोकरी काढली, दुकानदारांच्या तराजूंखाली चिकटवलेले चुंबक हुडकून काढले, आणि निवृत्त झाल्यावर तोच उद्योग माणसांच्या बाबतीत सुरू केला. दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी होती, पण गल्लीला त्या काकूच.

"काय गेलं?"

"खडा."

"हिऱ्याचा?" काकांचे डोळे मोठे झाले.

"मोरचुदाचा."

काकांनी पेनाला टोपण घातलं.

"अहो, ऐकून तर घ्या," काकू म्हणाल्या. "मोरचुदाच्या खड्यासाठी दुकान बंद करून आलाय माणूस."

बॅटरीवाला खुर्चीच्या कडेवर टेकला. त्याची लेक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, रसायनशास्त्र घेऊन. परीक्षेच्या प्रकल्पासाठी तिने घरी, माडीवरच्या अंधाऱ्या खोलीत, मोरचुदाचा मोठा खडा वाढवला होता. मध्ये ती प्रशिक्षणासाठी परगावच्या कारखान्यात गेली. परवा परतली, बरणीचं जाळीचं झाकण उघडलं, तर आत नुसता दोरा.

"तिचं म्हणणं, मैत्रिणीने नेला. ही नसताना ती एकदा बघायला आली होती ना. मी शेजारीच उभा होतो म्हटलं, तरी ऐकत नाही. दोघी शाळेपासूनच्या, एका डब्यात जेवलेल्या. आणि काल हिने भर वर्गात तिला चोर म्हटलं! सोमवारी परीक्षक येणार. ही म्हणते, मला पदवीच नको, मी दुकानात बसते." त्याने रुमालाने कपाळ पुसलं. "माझं दुकान काही वाईट नाही हो. पण तिने तिथे हरून येऊन बसू नये. तेवढं बघा."

"तिला हा विषय सुचवला कोणी?" काकूंनी विचारलं.

"कोणी म्हणजे... लहानपणी दुकानात खेळायची. एकदा म्हणाली, बाबा, ह्या डब्यातून वीज कशी येते? मी म्हटलं, येते. ती म्हणाली, येते म्हणजे कशी? मला काही सांगता आलं नाही. तर म्हणाली, मी शिकते आणि तुम्हाला सांगते."

"मग सांगितलं?"

"आता ती बोलते ते माझ्या डोक्यावरून जातं. विचारलं की म्हणते, जाऊ द्या बाबा, तुम्हाला नाही कळायचं." तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही.

"ती नसताना खोलीत कोण जायचं?"

"कुणाला एकटं फिरकू दिलं नाही! जाताना सांगून गेली होती, खड्याला हात लावायचा नाही. मी बोटसुद्धा लावलं नाही. डोळ्यांत तेल घालून राखला, काकू. तरी गेला."

बॅटरीचं दुकान खाली आणि घर वर. दुकानात आंबूस, झणझणीत वास होता. काका आपला पांढरा शर्ट सांभाळत दारातच थांबले.

एक टॅक्सीवाला बॅटरी घेऊन आला. बॅटरीवाला काकूंशी बोलत होता, लेक दोन दिवस धड जेवली नाही वगैरे सांगत होता, आणि बोलता बोलता त्याचे हात आपोआप चालले होते. बुचं काढली, विजेरी मारून आतली पातळी पाहिली, लांब चोचीच्या डब्यातून बॅटरीचं पाणी वरच्या खुणेपर्यंत भरलं, बुचं लावली, फडकं फिरवलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. काकूंशी चाललेलं बोलणं एकदाही तुटलं नाही.

"हात बसलाय तुमचा," काकू म्हणाल्या.

"कशात?" बॅटरीवाल्याने विचारलं.

जिन्यात आत्या भेटली, म्हणजे बॅटरीवाल्याची थोरली बहीण. कमरेला पदर खोचून उभी.

"माझ्यावर संशय घेऊ नका," तिने आधीच बजावलं. "त्या निळ्या विषाच्या वाऱ्यालाही मी उभी राहत नाही. केरसुद्धा उंबऱ्यापर्यंतच काढते. आणि मी हात घातलाच असता ना, तर सगळं मोरीत ओतून बरणी घासून पालथी घातली असती! अर्धवट काम मला जमत नाही."

काकांनी खोलीत डोकावलं. उंबऱ्यापलीकडे खरोखरच धूळ होती, जाड. आत्या स्वभावाने कशीही असो, केराच्या बाबतीत खरं बोलत होती.

लेक खिडकीशी बसली होती. डोळे सुजलेले. पण काकूंनी विचारल्यावर नीट सांगू लागली, परीक्षेत सांगतात तसं. गरम पाण्यात मावेल तेवढा मोरचूद विरघळवायचा. गार झालं की तळाशी बसलेलं गाळून काढायचं आणि दोऱ्याला एक बारीक कणी बांधून आत सोडायची. मग काही करायचं नाही, नुसती वाट पाहायची.

"पाणी हळूहळू उडून जातं आणि मोरचूद कणीवर येऊन बसतो. ह्या बघा खुणा."

बरणीच्या अंगावर कागदाची पट्टी होती, तिच्यावर एकाखाली एक रेघा. सगळ्यांत वरची सुरुवातीच्या दिवसाची, सगळ्यांत खालची ती परगावी गेली त्या दिवशीची.

"आणि आता पाणी वरच्या रेघेला आहे," काकू वाकून म्हणाल्या.

"तेच तर! खडा काढला की पातळी खाली जाणार. ते कळू नये म्हणून तिने वरून पाणी ओतलं. हे सुचायला रसायनशास्त्र यावं लागतं, काकू. म्हणून तर म्हणते, तीच."

"हे पाण्याचं बाबांना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं त्यात?"

काकूंनी दोरा वर उचलला. टोकाला कणी बांधायची गाठ जशीच्या तशी होती, मधला फास रिकामा. "खडा केवढा झाला होता?"

"अंगठ्याहून मोठा. गाठ तर कधीच आत बुडाली होती, दोरा थेट खड्यातून वर यायचा."

"बाहेरून दिसायचा?"

"निळ्यात निळं काय दिसणार? दोरा उचलला तरच."

बरणीखालचा पांढरा कागद काकूंनी खिडकीशी नेऊन पाहिला. कोरा करकरीत. मग त्यांची नजर कपाटातल्या बूच लावलेल्या बाटलीवर गेली. पहिल्या दिवशीचं उरलेलं द्रावण, लेक म्हणाली. काकूंनी दोन परीक्षानळ्या मागितल्या, एकीत बाटलीतलं घेतलं, दुसरीत बरणीतलं ढवळून, आणि काकांसमोर धरल्या.

"अहो, गडद कोणती?"

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "मला तर दोन्ही सारख्याच दिसतात. नंबर वाढला वाटतं."

"नंबर ठीक आहे," काकू म्हणाल्या, आणि काकांना उगाचच बरं वाटलं.

मैत्रीण कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटीच काचेच्या नळ्या विसळत होती. जाड भिंगांचा चष्मा; सगळे तिला चष्मीस म्हणत.

"मी एकदाच गेले," ती म्हणाली. "तिचे बाबा शेजारी पहाऱ्यावर उभे! दोराही उचलू दिला नाही. नुसतं झाकण काढून पाहिलं आणि आले."

"पाणी कुठवर होतं?"

"वरपर्यंत. मला वाटलं, हिने जाण्याआधी आणखी द्रावण घातलं असेल."

"हे तिला सांगितलं नाहीस?"

"तिने तोंड उघडू दिलं तर ना!" चष्मीसने नळी उलटी करून अडकवली. "सगळ्यांसमोर चोर म्हणाली. राग यायला हवा होता मला. पण पहिलं काय मनात आलं सांगू? सोमवारी हिचं कसं होणार." तिने चष्मा काढून ओढणीने पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिली.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "हिने नाही नेला. पण मग नेला कोणी? आत्या आत जात नाही, बाप हात लावत नाही. मला तर काही सुधरत नाही बुवा."

"मला सुधरलंय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र खुशीतला नव्हता. "आता ते सांगायचं कसं, तेवढंच बघायचंय."

संध्याकाळी माडीवर सगळे जमले. लेक खिडकीशी, चष्मीस दाराशी, दोघी एकमेकींकडे न बघता. आत्या उंबऱ्याबाहेर. बॅटरीवाला फडक्याला हात पुसत उभा.

"खडा चोरीला गेलेला नाही," काकूंनी सुरुवात केली. "ह्या खोलीबाहेरही गेलेला नाही."

काकांनी कपाटाखाली पाहिलं.

"अहो, उठा. पोरी, तू म्हणालीस गाठ खड्याच्या पोटात होती. मग चोराने ती न कापता खडा सोडवला कसा? दगडाच्या आतली गाठ काही कुणी सोडत नाही. बरं, ओला खडा वर काढला असता तर खालच्या कागदावर निळे थेंब पडले असते. कागद कोरा आहे."

लेक दोऱ्याकडे बघत होती.

"आता पाणी. चोरी लपवायला ओतलं, म्हणतेस. पण जिला लपवायचंय ती शेवटच्या रेघेपर्यंत भरेल, होतं तसं दिसावं म्हणून. वरच्या रेघेपर्यंत कशाला? आणि खडा बाहेर काढून नुसतं पाणी ओतलं असतं, तर निळा रंग फिका पडला असता. आमच्या ह्यांना दोन्ही नळ्या सारख्या दिसल्या, कारण त्या सारख्याच आहेत. मोरचूद पहिल्या दिवशी होता तेवढाच आजही बरणीत आहे."

"विरघळला," लेक हळूच म्हणाली. "उडालेलं पाणी कुणीतरी परत भरत गेलं, आणि तो परत विरघळला... मला कसं कळलं नाही? हे तर अकरावीतलं पोरही सांगेल!"

"तुला आलं असतं गं. पण परवापासून तू बरणीकडे बघतच नव्हतीस, मैत्रिणीकडे बघत होतीस."

"पण भरलं कोणी?" काका म्हणाले.

काकूंनी दोरा पुन्हा बरणीत सोडला. "खड्याला बोटही न लावणारं कुणीतरी. रोज येऊन विजेरीने पातळी बघणारं. ज्याला वरची रेघ दिसली की एवढंच कळतं, इथवर भरायचं. थेंब न सांडता. आणि ज्याला ते सांगण्यासारखं काही वाटलंच नाही, कारण तो हे दिवसभर करत असतो."

बॅटरीवाल्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"मी," तो म्हणाला. "मीच की." सगळ्यांकडे त्याने एकदा पाहिलं. "पातळी खाली गेलेली दिसायची. बॅटरी कोरडी पडली की मरते, काकू. मला वाटलं, पोरगी परत येईपर्यंत ह्याला काही होऊ नये. चांगलं पाणी घातलं, नळाचं नाही, आपलं बॅटरीचं." तो लेकीकडे वळला. "छकुले, मी मारला गं तुझा खडा. आणि बोल त्या बिचारीला लागले."

लेक उठली. आत्याला वाटलं, आता ही बापावर तोंड टाकणार, म्हणून ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली. पण लेक आधी दाराशी गेली.

"चष्मीस, मी चुकले. सगळ्यांसमोर बोलले, तर सगळ्यांसमोरच माफी मागेन."

"माग," चष्मीस म्हणाली, "पण आधी जेव. तोंड बघ आरशात." आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की काकांनीही नाक शिंकरलं.

मग लेक बापाकडे वळली. तिने त्याचा हात धरून त्याला बरणीसमोर बसवलं.

"मेला नाही तो, बाबा. ह्या पाण्यातच आहे, सगळाच्या सगळा. पाणी उडून गेलं की परत येईल. ह्याला भरायचं नसतं, नुसतं सोडून द्यायचं असतं. हे मी जाताना सांगायला हवं होतं. तुम्हाला कळणार नाही असं मीच ठरवून टाकलं."

बॅटरीवाला त्या निळ्या पाण्याकडे बघत राहिला. "म्हणजे पातळी खाली जाताना दिसणार, आणि आपण हात बांधून बसायचं?"

"हो."

"अवघड आहे," तो म्हणाला, आणि लेक रडता रडता हसली.

पुढे काही दिवसांनी काकांच्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली, म्हणून ते दुकानात गेले. परीक्षकांना लेकीने खडा गेल्याची हकीकत जशीच्या तशी सांगितली होती. दोन नळ्या आणि रिकामी गाठ समोर ठेवली, शेजारी चष्मीस उभी होती. परीक्षक म्हणे इतके रंगले की चहा गार झाला. निकाल यायचा होता, पण दुकानात बसायचं ती पुन्हा बोलली नव्हती.

"आणि बरणी?" काकांनी विचारलं.

"कणी धरलीय. रोज बघतो. जाताना चोचीचा डबा खालीच ठेवून जातो, हातांचा भरवसा नाही." बॅटरीवाल्याने काकांची बॅटरी पुढ्यात घेतली, बुचं काढली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, डबा बाजूला ठेवून त्याने एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा काका. घाई नाही ना? ह्या डब्यातून वीज कशी येते, सांगतो तुम्हाला. मला लेकीने सांगितलंय."