जिवंत माणसांची मोजणी

चंद्रावरच्या गिरिजावाडी वसाहतीत दोन वर्षांत एकही माणूस मेला नव्हता. तरीही खाणीवरची माणसं जिना चढताना मध्येच थांबत, आणि मागच्याला वाट देतोय असा आव आणत. शर्वरीचे बाबा तर तीनदा वाट देत. असं का, हे कोडं तिला सुटत नव्हतं.

पृथ्वीवरून आलेल्या टिपणीस नावाच्या यंत्रमानवाला कोडं पडलंच नाही. त्याने लिहिलं, ‘मृत्यू शून्य. वसाहत निरोगी. दवाखाना हलवावा.’

“हलवून तर बघ!” शर्वरी दवाखान्याचं दार अडवून उभी राहिली. “बाबांना दम लागतो त्याचं काय?”

“मी घरोघर विचारलं. सगळे म्हणाले, बरं आहे.”

शर्वरीचे आजोबा, धुळीचे शास्त्रज्ञ नाना, खो-खो हसले. “अहो टिपणीस, आमच्यात अंथरूण धरल्याशिवाय कुणी आजारी नसतं. चालत्याफिरत्याने दुखणं सांगितलं की तो कामचुकार! मेलेले मोजून मृत्युदर (ठरावीक लोकांमागे किती मृत्यू) कळतो. जगणाऱ्यांत आजार किती, ती रुग्णता (लोकांमधल्या आजारपणाचं माप). यमाची वही कोरी, म्हणून वैद्याचीही कोरी होय?”

“नोंद नाही, ते मी मोजत नाही.”

“मग मी मोजते!” पाटी घेऊन शर्वरी जिन्यापाशी बसली. ‘आजारी आहात का?’ असं तिने कुणालाच विचारलं नाही. “काका, गेल्या वर्षी जमायचं आणि आता जमत नाही, असं काय?”

“अगं, चाळीस पायऱ्या एका दमात चढायचो मी!” काका फुशारले, आणि अलगद सापडले.

असे सापडलेले सगळे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासले. वसाहतीतल्या एकशेचाळीस माणसांत अठ्ठावन्न जणांची फुप्फुसं धुळीने सुजली होती.

“त्यांतले बारा याच महिन्यातले,” नाना म्हणाले. “नवे वेगळे मांड. आजार वाढतोय का, ते त्यावरून कळतं.”

बाबा तेवढे राहिले. “मला काही झालेलं नाही,” ते गुरगुरले.

“बाबा, मेल्यावर टिपणीस तुम्हाला लगेच मोजेल. मी जिवंतपणी मोजणार!”

बाबा स्टुलावर बसले आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं.

“एकोणसाठ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टिपणीसने ‘निरोगी’ खोडलं. “रुग्णता शंभरात बेचाळीस. दवाखाना राहील. खाणीसाठी धूळगाळण्या मागवतो.”

“पुढच्या वर्षी ये,” शर्वरी म्हणाली. “बेचाळीसचे वीस करून दाखवते.”

“आणि मृत्यू?”

“ते वाढवायला आम्हांला वेळ नाही!”