चालकाची प्रतीक्षा

सकाळी दहा वाजता पुनर्वसन कचेरीतलं नक्कलयंत्र सुरू केलं की तीन हिरवे दिवे ओळीनं लागत. त्या दिवशी दोनच लागले. तिसऱ्याच्या जागी पडद्यावर अक्षरं आली: चालकाची प्रतीक्षा.

वाघचौरेबाई यंत्रासमोरच उभ्या होत्या. नक्कल कारकून म्हणून बावीस वर्षं त्या याच जागी उभ्या राहत आल्या होत्या. त्यांनी यंत्र बंद केलं, काच पुसली, वायर काढून पुन्हा लावली, कागदाचा कप्पा ओढून ढकलला. पुन्हा तेच. चालकाची प्रतीक्षा.

बाकावर धरणग्रस्तांपैकी एक म्हातारबाबा बसले होते. नाव सगन भोये. "बाई, दोन वाजता सुनावणी हाय," ते म्हणाले. "परवाच्या नकलेवर तुमची सहीच न्हाई म्हून सायबानं परत धाडलं. आज बी तसंच झालं तर जमीन गेली म्हना की."

मूळ कागदाशेजारी सहीची पट्टी ठेवायची, मग यंत्र दोन्ही एकदम उतरवतं, अशी रीत होती; नकलेवर नंतर हातानं केलेली सही चालत नसे. दिवाळीपासून सही फिकट उमटत होती. बाईंनी तीन पेनं बदलली, पण परवा ती उमटलीच नाही.

फोन केल्यावर तासाभरात जिल्ह्याहून मुजावर नावाचे दुरुस्तीचे इंजिनिअर आले. पन्नाशीचे, बोलायला मोकळे. आल्या आल्या यंत्राची पाठ उघडून बसले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे घोलप भाऊसाहेब चहा घेऊन आले. एक कप मुजावरांपुढे ठेवला, एक स्वतः घेतला आणि गेले. बाईंना त्यात नवल वाटलं नाही. अलीकडे असंच होई.

"यंत्राला काही झालेलं नाही," मुजावर अर्ध्या तासानं म्हणाले. "त्याचं कोरभान बिघडलंय."

"म्हणजे हो काय?"

"कोरं काय आहे याची जाण. बाई, अक्षर कुठलं हे कळायला आधी कोरा कागद कसा असतो ते कळावं लागतं. जुनी यंत्रं रोज सकाळी एका पांढऱ्या पट्टीकडे बघायची आणि ठरवायची, हे कोरं. हे यंत्र जास्त शहाणं. रोज उठून ते काच बघतं, खोली बघतं. जे रोज तिथंच, तसंच दिसतं, ते कोऱ्यात जमा करतं. काचेवरचा ओरखडा, भिंतीवरचा डाग, सगळं. म्हणून तर याच्या नकला इतक्या स्वच्छ येतात."

बाईंनी सहीची पट्टी उचलून पुढे धरली. "मग माझी सही?"

"रोज तीच, त्याच जागी. गेली कोऱ्यात."

"आणि मी?"

मुजावरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "किती रजा घेतल्यात?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा आवाज एरवी चढायचा. आज तो चढला नाही.

"पण यासाठीच तर नियम आहे. दर सोमवारी चालक बदलायचा, म्हणजे एकच माणूस कोऱ्यात जमा होत नाही. पाळीवहीत सह्या आहेत की सगळ्यांच्या." मुजावरांनी वही उघडली. घोलप, मग दुसरे, मग तिसरे, पुन्हा घोलप. पानंच्या पानं.

बाई ओशाळून हसल्या. "सह्या ते करतात. उभी मीच राहते. भाऊसाहेब म्हणायचे, बाई आहेत ना, मग कशाला बदलायचं. मलाही बरं वाटायचं."

मग त्यांना एकेक आठवू लागलं. टेबलावरचा दिवा महिनाभर आपोआप विझत होता. कचेरीचं दार त्यांच्यासाठी उघडत नव्हतं, मागून कुणी आलं की त्याच्यासोबत आत शिरावं लागे. दार काय, दिवे काय, सगळे याच यंत्राच्या डोळ्यानं बघत होते.

"उपाय आहे," मुजावर म्हणाले. "याची पाटी पुसून टाकू. सगळ्यांनी पाच मिनिटं खोलीबाहेर थांबायचं. यंत्र रिकामी खोली बघेल. मग तुम्ही आत या, नव्यानं."

बाई भोयेबाबांबरोबर व्हरांड्यात थांबल्या. बाबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आमचं गाव पान्यात गेलं तवा पयल्या वर्साला रोज घाटावर जाऊन बघायचो," ते म्हणाले. "आता पानीच दिसतं. गाव व्हतं हे आठवून आठवून बघावं लागतं."

पाच मिनिटांनी मुजावरांनी हाक मारली. बाई उंबरा ओलांडून आत गेल्या आणि यंत्रासमोर उभ्या राहिल्या. दार आपसूक सरकलं होतं, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. एक दिवा, दोन दिवे, आणि तिसरा. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: चालक हजर, वाघचौरे.

नक्कल निघाली. खाली सही, शाईच्या शेवटच्या टिंबासकट. भोयेबाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि सुनावणीला निघाले.

बाई आपल्या खुर्चीत टेकल्या. खूप दिवसांनी टेबलावरचा दिवा त्यांच्यासाठी लागला. त्या उजेडात त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"मुजावर, ही अक्कल यंत्राला सुचली कशी?"

"सुचली कसली, उचलली. माणसाच्या डोळ्यावरून. आपलं नाक आपल्याला सारखं दिसत असतं, पण आपण ते बघतो का? जे रोज तिथंच असतं, ते मेंदू गाळून टाकतो. त्याशिवाय जगणं चालायचं नाही."

"मग माणसाची पाटी कशी पुसायची?"

मुजावर हत्यारं पिशवीत भरत होते. "त्याला बटण नाही, बाई."

तेवढ्यात घोलप आले. त्यांच्या डोळ्यांवर कसली काच नव्हती, ना कुठलं यंत्र. त्यांनी पाळीवही बाईंच्या पुढ्यातच ठेवली, बाईंच्या खांद्यावरून हात लांबवून पेन उचललं आणि इकडे तिकडे पाहिलं.

"झालं का सुरू? बरं झालं," ते मुजावरांना म्हणाले. "पण चालवणार कोण आज? बाई आल्या नाहीत वाटतं अजून. बावीस वर्षांत असं कधी झालं नाही हो."

"भाऊसाहेब," बाई म्हणाल्या.

घोलपांनी पंख्याकडे पाहिलं, जणू तो कुरकुरला होता. मग वहीत आजच्या तारखेसमोर सावकाश लिहू लागले: वाघचौरे, गैरहजर.

मुजावर एकदा त्यांच्याकडे पाहत होते, एकदा बाईंकडे. यंत्राच्या पडद्यावर हिरवी अक्षरं तशीच उजळत होती.

चालक हजर.