एका फेरीचं एक फूल

"आता तरी लाज धर, मंजे!" पेढा तोंडात घोळवत अण्णा बोलून गेले, आणि मंजुषाच्या हातातली सुई झेंडूतच थांबली...

धाकटी बहीण पूजा कालच पाच हजार मीटरमध्ये राज्यात पहिली आली होती. मखमलाबादच्या मळ्यात माणसांची रीघ लागली होती.

"धाकटी बघ! आन् तू? दोन वर्षं पळालीस आन् 'दम लागतो' म्हणून बसलीस घरी. आळशी ती आळशीच!"

चौऱ्याण्णवला आई गेली, अण्णांचे गुडघे धरले, आणि ऊन चढायच्या आत फुलं तोडायला तिचेच दोन हात उरले. सोळा वर्षांच्या मंजुषानं स्वतःचे बूट, पुढे कापूस कोंबून, दहा वर्षांच्या पूजाच्या पायांत घातले. तेव्हापासून रोज पहाटे पूजा बांधावरून मळ्याला फेऱ्या घाली, आणि वाफ्यात वाकलेली मंजुषा दर फेरीला एक फूल वेगळं ठेवी. त्यांची माळ बांधावरच्या मारुतीला. पहिल्या वर्षी सहाच फुलं, देवाच्या गळ्यालाही पुरेनात! पण कीर्तनात बुवा सांगत, "बाबांनो, देवाला नवल नको, कालचं आज पुन्हा करा." पूजा रडली, रुसली, पण माळ एक दिवस चुकली नाही. नऊ वर्षांत ती देवाच्या छातीवर आली, मग चरणांपर्यंत पोचली... आणि मंजुषाची पाठ वाकून गेली.

शाळेत दोघींना पळायला शिकवणाऱ्या गोरक्ष सरांनी कपबशी खाली ठेवली. "अण्णा, आज राहवत नाही. मंजुषाची सोळाव्या वर्षीची वेळ माझ्या वहीत आहे. पूजानं ती मागं टाकली, ती थेट काल! हिला दम नव्हता लागला. पळणं सोडू नकोस म्हणून मी हात जोडले, तर म्हणाली, 'सर, फुलं कोण तोडणार? अण्णांना सांगू नका, ते आपल्या गुडघ्यांना दोष देतील.'"

"ताई!" पूजा तिच्या गळ्यात पडली. "मला का नाही गं सांगितलंस?"

"वेडे, तू पळायचीस तेव्हा माझेच पाय पळत होते..."



दुसऱ्या पहाटे मंजुषाच्या आधी अण्णाच काठी टेकत बांधावर हजर!

"टोपली दे इकडं. फुलं आज मी तोडतो. तू... एक फेरी घाल, पोरी."

"अण्णा, आता कुठं..."

"हळू घाल. मला कुठं घाई हाय?"

ती धावली... अनवाणी, थकलेल्या पायांनी. परत आली ती धापा टाकत मारुतीपाशी बसलीच. "अण्णा, आज मात्र खरंच दम लागला हो!"

डोळे पुसत अण्णांनी एक फूल वेगळं ठेवलं.